मंग त्यायले खाते कोन?

जानेवारी लागला की साउथ माउंटन रिझर्वेशनच्या पायवाटांच्या तोंडाशी काउंटीच्या पाट्या दिसू लागतात: अमुक अमुक दिवशी रान बंद. न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटीचं हे दोन हजार एकरांहून मोठं राखीव जंगल मेपलवुड, मिलबर्न आणि वेस्ट ऑरेंज या तीन गावांत पसरलेलं आहे. रोज लोकलने न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्यांची ही गावं. रान बंद असतं त्या दिवशी परवाना असलेले, नेमबाजीची चाचणी पार केलेले स्वयंसेवक शिकारी झाडांवरच्या मचाणांवर बसतात आणि हरणं मारतात. २००८ साली हे सुरू झालं. मारलेल्या हरणांचं मांस मान्यताप्राप्त खाटकाकडून साफ होऊन फूड बँकेत जातं आणि तिथून, ज्यांना मांस विकत घेणं परवडत नाही अशा घरांत.

मी माळकरी घरातली. आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि तरीही ही शिकार व्हायला हवी, दर हिवाळ्यात व्हायला हवी, असं माझं मत आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे बोलले की समोरच्या मैत्रिणीचा चेहरा उतरतो. "अगं, तू असं म्हणतेस?" त्या प्रश्नामागची माया मला कळते. पण त्याचं उत्तर हातात चहाचा कप धरून उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ते रान कसं आहे ते सांगायला हवं. भारतातून पहिल्यांदा आलेला पाहुणा ऑक्टोबरात तिथे फिरायला गेला की हरखून जातो. ओक, बीच, ट्युलिप पॉप्लरची उंचच उंच झाडं, वर लालपिवळं छत, आणि खाली सगळं मोकळं. नजर झाडांच्या बुंध्यांमधून थेट पलीकडच्या उतारापर्यंत पोचते. "किती स्वच्छ ठेवलंय यांनी जंगल!" असं माणसं म्हणतात. ती स्वच्छता हेच त्या जंगलाचं दुखणं आहे. खाली हातभर उंचीची ओकची रोपटी हवीत, ती नाहीत. त्यावर कंबरेएवढी झुडपं हवीत, मग डोक्याएवढी कोवळी झाडं हवीत, तीही नाहीत. जमिनीपासून हरणाची मान पोचते तिथवर, म्हणजे साधारण पाच-सहा फुटांपर्यंत, कुणीतरी फूटपट्टी लावून कापल्यासारखं रान साफ आहे. खाली उरलंय ते हरणं ज्याला तोंड लावत नाहीत तेवढंच: काटेरी जपानी बारबेरी, जपानी स्टिल्टग्रास नावाचं परदेशी गवत, आणि नेचे. वरची झाडं शंभर-दीडशे वर्षांची. ती वादळात एकेक करून पडतात, आणि त्यांच्या जागी उभं राहायला खाली कुणीच नसतं. म्हाताऱ्यांचंच गाव झालंय ते.

याचा पुरावा बघायला कुठलाही शोधनिबंध वाचायची गरज नाही. रिझर्वेशनमध्ये ठिकठिकाणी उंच जाळीची कुंपणं घालून जंगलाचे छोटे तुकडे हरणांपासून राखले आहेत. एप्रिलच्या अखेरीला अशा कुंपणाच्या जाळीला हात लावून उभं राहावं. आत आणि बाहेर माती तीच, पाऊस तोच, सावली तीच. बाहेर पाचोळा. आत मात्र पाचोळ्यातून ब्लडरूटची पांढरी फुलं वर आलेली असतात, ट्राउट लिलीची ठिपकेदार पानं, स्प्रिंग ब्यूटीचे गुलाबी रेघांचे तारे. ट्रिलियम नावाचं तीन पानांचं, तीन पाकळ्यांचं एक फूल इथल्या जंगलांचं लाडकं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला त्याला सात-आठ वर्षंही लागतात. हरणाला ते आवडतं. एका घासात शेंडा गेला की त्या वर्षीची सगळी कमाई गेली, आणि असं लागोपाठ होत राहिलं की तो कंदच खचतो. आतल्या बाजूला व्हायबर्नमची झुडपं, मेपलची पोरं, बोटाएवढे ओक. त्या ओकच्या रोपट्यांना पाणी घालायला मी स्वयंसेवकांबरोबर जाते, आणि दर वेळी त्या जाळीच्या दोन्ही बाजूंना बघून माझा जीव तुटतो. आपण ज्याला जंगल म्हणून फिरायला जातो ते खरं तर कुंपणाच्या आत कोंडलेलं आहे, आणि बाहेर त्याचा फक्त सांगाडा आहे.

अमेरिकी वनसेवेने वायव्य पेनसिल्व्हेनियात १९८०च्या दशकात एक मोठा प्रयोग केला होता. जंगलाचे तुकडे कुंपणात घेऊन प्रत्येकात मोजून हरणं ठेवली: चौरस मैलाला १०, २०, ४० आणि ८० या हिशेबाने. दहा वर्षं ते चालवलं. २०च्या पुढे गेलं की जंगलाच्या मधल्या थरात घरटी करणारे पक्षी घटायला लागले, आणि सर्वांत दाट कळपाच्या तुकड्यात त्यांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त उतरलेली होती. हरीण पक्ष्याला हातही लावत नाही, फक्त त्याचं घर खातं. न्यू जर्सीच्या उपनगरांत चौरस मैलाला शंभरच्या घरात हरणं मोजली गेलेली आहेत.

हे सगळं मी एकदा आमच्या काकांना फोनवर सांगत होते. काका यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ शेती करतात. कापूस आणि तूर. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर ही काय पीडा असते ते त्यांना मी सांगायची गरज नाही. तुरीला शेंगा धरल्या की त्यांची रात्रीची जागल सुरू होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून, तिकडं वाघ नाही का?" म्हटलं, नाही. लांडगेही नाहीत. "मंग त्यायले खाते कोन?"

इथल्या नगरपालिकांच्या सभा मी ऐकल्या आहेत, अहवाल वाचले आहेत. पण एवढा नेमका प्रश्न मी दुसरीकडे ऐकला नाही.

या भूमीवर इथले मूळ रहिवासी लेनापे लोक राहत होते तेव्हा हरणाला खाणारे पुष्कळ होते. लांडगा होता, प्यूमा नावाचं मोठं रानमांजर होतं, आणि स्वतः लेनापे होते, ज्यांचं अन्न आणि वस्त्र दोन्ही हरणावर चालायचं. युरोपीय वसाहतवाले आले आणि मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३० सालीच लांडगा मारणाऱ्याला बक्षीस लावलं. पुढच्या अडीचशे वर्षांत पूर्व किनाऱ्यावरचे लांडगे आणि प्यूमा जवळजवळ संपले. मग माणसाने हरणंही संपवत आणली. मांस आणि कातडं रेल्वेने शहरांच्या बाजारात जायचं. १९०० सालच्या सुमाराला साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. तेव्हा लोक जागे झाले. त्याच साली लेसी कायदा आला आणि चोरून मारलेली जनावरं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी झाली. शिकारीला हंगाम ठरले, माद्या मारायला मनाई झाली, दुसरीकडून हरणं आणून सोडली गेली. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. आज देशात सुमारे तीन कोटी हरणं आहेत. एक प्राणी मरणाच्या दारातून परत आणला, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा मान ठेवायलाच हवा. फक्त हरीण परत आणलं, त्याला खाणारा परत आणला नाही.

मधल्या काळात शेतं जाऊन उपनगरं आली, आणि उपनगर म्हणजे हरणासाठी स्वर्ग. थोडी झाडी, थोडी हिरवळ, खतपाणी घातलेली झुडपं, आणि शिकाऱ्यापासून अभय. न्यू जर्सीत राहत्या घरापासून ४५० फुटांच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यबाणासाठी ही मर्यादा २०१० साली १५० फुटांवर आणली, ती याच कारणाने. मादी साडेसहा महिन्यांत विते आणि पोटभर खायला असेल तर बहुतेक वेळा जुळी होतात. मे-जूनमध्ये पाडसं येतात. काही अस्वलाच्या आणि कोल्ह्यासारख्या कोयोटीच्या तोंडी जातात, काही मोटारीखाली. उरलेली पुढच्या-त्याच्या पुढच्या वर्षी स्वतः आया होतात.

"निसर्ग आपला तोल आपण साधेल, तुम्ही मध्ये पडू नका," असं म्हणणारे खूप भेटतात. मलाही हे वाक्य एके काळी आवडलं असतं. पण निसर्गाकडे हा तोल साधायला दोनच हत्यारं होती, शिकारी जनावर आणि भूक. पहिलं आपण मोडलं. दुसरं आपल्या बागांनी बोथट केलं. खऱ्या जंगलात खाणं संपलं की हरणांची संख्या उतरते आणि रोपट्यांना उसंत मिळते. इथे फेब्रुवारीत रानात काही उरलं नाही तर कळप रस्ता ओलांडून आमच्या दारातली यू नावाच्या झुडपांची कुंपणं आणि थुजाची रांग खातो, हिवाळा काढतो आणि एप्रिलमध्ये पहिला कोंब फुटला की रानात हजर होतो. बागा त्यांना जगवतात आणि त्याची किंमत जंगल भरतं. शेजारीपाजारी जो विषय निघतो तो ट्युलिपांचा आणि होस्टाचा असतो. माझ्याही घेवड्याचे वेल आणि भेंडीची पानं दर उन्हाळ्यात जातात. त्याबद्दल मला खरंच काही म्हणायचं नाही. आठ फुटांची जाळी लावली की भाजी वाचते. दोन हजार एकरांना जाळी लावता येत नाही.

लाइमच्या आजाराबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सभांमध्ये तो मुद्दा सगळ्यांत मोठ्याने मांडला जातो. कनेटिकटमधल्या लाइम गावावरून नाव पडलेला हा आजार गोचिडीतून येतो. उन्हाळ्यात रानातून आलं की मुलांच्या गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे बोटं फिरवून बघणं हा इथल्या प्रत्येक आईचा नेम आहे. पण हरीण गोचिडीला तो जंतू देत नाही. तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून येतो. हरणावर मोठी गोचीड पोसली जाते, आणि मग ती अंडी घालते. मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या मॉन्हेगन बेटावर १९९६ ते १९९९ या काळात एकूण एक हरीण काढून टाकलं, त्यानंतर तिथल्या गोचिडी झपाट्याने घटल्या. इथे मुख्य भूमीवर तसं होणार नाही, होऊही नये. शंभराची चाळीस हरणं झाली म्हणून लाइम जाईल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आश्वासन आहे. एवढंच खरं की हरणं खात नाहीत म्हणून माजलेल्या बारबेरीच्या ओलसर सावलीत गोचिडी जास्त सापडतात, हे कनेटिकटच्या संशोधकांनी दाखवलेलं आहे. रान सावरलं तर त्या बाजूनेही थोडा फरक पडेल.

आता माझ्या मैत्रिणींचा खरा प्रश्न: मारायचंच कशाला? नसबंदी करा, गर्भ राहू न देणारी लस द्या. हा प्रश्न मी मनापासून धुंडाळला, कारण माझ्या संस्कारांना हाच मार्ग जवळचा होता. कॉर्नेल विद्यापीठाने इथाकामध्ये माद्यांच्या नलिका बांधून बघितल्या. माद्या व्यायच्या थांबल्या, पण त्यांचं माजावर येणं थांबलं नाही. एरवी हिवाळ्याच्या सुरुवातीला आटोपणारा हंगाम लांबत गेला आणि आसपासचे नर तिकडे ओढले गेले. कळप काही घटला नाही. न्यूयॉर्क शहराने स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली. ते बेट आहे म्हणून तिथे हळूहळू फरक पडला, आणि त्याला लाखो डॉलर लागले. बेट असूनही हरणं तिथे पोचली ती आमच्या न्यू जर्सीतून खाडी पोहून, असं मानतात. चहूबाजूंनी मोकळ्या असलेल्या आमच्या रानात हा हिशेब बसत नाही.

लसीचा पर्याय न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या बेटावर १९९३ पासून वापरला गेला. पिचकारीसारख्या बाणातून मादीला ती टोचतात, पुढे पुन्हा पुन्हा द्यावी लागते. त्या लसीतलं प्रथिन येतं डुकरांच्या बीजकोशांतून, आणि ते बीजकोश येतात कत्तलखान्यातून. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प होते. आपल्या डोळ्यांसमोर हरीण पडू नये म्हणून डोळ्यांआड डुकरं मेलेली चालतात, हे मला कुठल्याही अहिंसेत बसवता येत नाही.

शिवाय मरण काही थांबलेलं नसतंच. नोव्हेंबरात नर माद्यांमागे धावायला लागले की इथल्या हमरस्त्यांच्या कडेला दर काही मैलांवर एक हरीण पडलेलं असतं. देशभरात मोटारींशी टकरा होऊन दर वर्षी लाखो हरणं मरतात, आणि त्यांच्याबरोबर काही माणसंही. मागचे दोन पाय मोडलेलं हरीण खड्ड्यात रात्रभर तडफडतं. त्या मरणाविरुद्ध फलक घेऊन कुणी उभं राहत नाही, कारण ते कुणी ठरवून दिलेलं नसतं. मचाणावरच्या माणसाने दिलेलं मरण ठरवलेलं असतं, म्हणून ते आपल्याला बोचतं. बोचावंच. ठरवून केलेल्या कामाची मोजदाद होते, त्याला विचारणारं कुणी असतं, आणि त्यातल्या चुका सुधारता येतात.

आमच्या लहानपणी कीर्तनात राजा भरताची गोष्ट हमखास यायची. राज्य सोडून तो गंडकीच्या काठी तप करायला गेला. पाणी पिणारी एक गाभण हरिणी सिंहाची डरकाळी ऐकून घाबरली, तिने प्रवाहात उडी घेतली, पाडस पाण्यात पडलं आणि ती मेली. भरताने ते पाडस उचललं, वाढवलं, त्याच्यात इतका गुंतला की जपतप सुटलं, मरतानाही डोळ्यांसमोर तेच. म्हणून पुढच्या जन्मी तो हरीण झाला आणि त्याच्या पुढच्या जन्मी जडभरत. कीर्तनकार आसक्तीवर निरूपण करायचे, ते बरोबरच आहे. पण मला आता त्या गोष्टीतली डरकाळी ऐकू येते. भरताच्या रानात सिंह होता. म्हणून त्याने एक पाडस उराशी धरलं तर बिघडलं ते फक्त त्याचं. रानाचं काही बिघडलं नाही. आमच्या रानात डरकाळी नाही, आणि आम्ही मात्र सगळेच भरत होऊन बसलो आहोत.

आमच्या गल्लीत एक वयस्कर बाई आहेत. कान फाटलेली एक मादी त्यांच्या अंगणात येते, तिला त्या नावाने हाक मारतात, हिवाळ्यात मका टाकतात. काउंटीच्या कार्यक्रमाला त्यांचा कडाडून विरोध आहे. मी त्यांचा राग कधीच करणार नाही. ती मादी त्यांना दिसते, तिचा स्वभाव त्यांना माहीत आहे. न उगवलेलं ट्रिलियम कुणाला दिसतं? घरटं बांधायला झुडूप नाही म्हणून पुढे उडून गेलेला पक्षी कुणाच्या अंगणात येऊन तक्रार करणार? मला त्या फुलाची आणि त्या पक्ष्याची बाजू घेणारं कुणीतरी हवं आहे, एवढंच. त्या बाईंना एकदा त्या कुंपणापाशी घेऊन जायचं मनात आहे. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून अजून जमलेलं नाही.

काकांचा प्रश्न मात्र मला सोपं उत्तर देऊ देत नाही. वाघ परत आणा, असं अमेरिकेत बसून म्हणणं फार सोपं आहे. २०१८च्या नोव्हेंबरात अवनी या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीला मारलं ते काकांच्याच भागात. त्याआधीची दोन वर्षं तिकडची माणसं कापूस वेचायला एकटी जात नव्हती. खाणारा जवळ असणं म्हणजे काय ते त्यांनी अंगावर घेतलेलं आहे, आणि वाघ असूनही रोही त्यांची तूर खातोच. न्यू जर्सीतल्या आम्ही लोकांनी तो धोका पत्करलेला नाही आणि पत्करणारही नाही. शाळेच्या बसथांब्यामागे लांडगा कुणाला नको आहे, मलाही नको. मग लांडग्याचं काम कुणीतरी करायला हवं, आणि ते करणाऱ्याला खुनी म्हणणं अन्यायाचं आहे. रोपट्यांना पाणी घालताना अशा एका शिकाऱ्याशी माझी ओळख झाली. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. थंडीत चार-चार तास हलता येत नाही, नेम खात्रीचा नसेल तर तो गोळी सोडत नाही, आणि मोठ्या शिंगांचा नर समोर आला तरी आधी मादीच टिपतो. शिंगं भिंतीवर लावायला मिळतात, मादीचं काहीच मिळत नाही. तरी तो मादीच टिपतो, कारण तो तिथे रानासाठी येतो.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी हा कार्यक्रम आवरता घ्या अशी मागणी पुन्हा होईल, ती दर वर्षी होतेच. सभेत प्रत्येकाला बोलायला थोडी मिनिटं मिळतात. मी मागणार आहे की काम मध्ये थांबवू नका, कारण ओकचं रोपटं हरणाच्या तोंडाच्या वर जायला कितीतरी वर्षं लागतात आणि मध्ये पडलेल्या खंडात ती सगळी एका हिवाळ्यात जातात. कुंपणं वाढवा, अंगणात मका टाकायला मनाई करा, दर वर्षी हरणं मोजा आणि कुंपणाबाहेर किती रोपटी तगली तेही मोजून लोकांपुढे मांडा. आणि मारायची तर आधी माद्या मारा, हे मी माझ्या तोंडाने सांगणार आहे, कारण नर कितीही कमी केले तरी जूनमध्ये पाडसं तेवढीच येतात.